बेळगाव ते लंडन ‘साडेनऊ तास’? हवाई अंतर सांगणाऱ्या साईट कितपत कामाच्या

दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणाऱ्या फुकट साईट पुष्कळ आहेत. अंतराला पाचपैकी पाच गुण, वेळेला दोनच. मुलांना शिकायला पाठवणाऱ्या घरांनी तो वेळ धरून तिकीट काढू नये.

बेळगावचा सांबरा विमानतळ ते लंडनचा हीथ्रो, हे अंतर सुमारे 7,600 किलोमीटर येतं. पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळची जी रेषा, तिचा हा आकडा, आणि तो बरोबर आहे. फक्त एकक बघून घ्या: हेच अंतर साध्या मैलांत 4,730 च्या आसपास, सागरी मैलांत 4,110 च्या आसपास दिसतं. शहराऐवजी आयएक्सजी हा विमानतळाचा कोड टाकला की बेळगाव की बेळगावी या नावाचा घोळही टळतो.

वेळेचं गणित मात्र भाबडं. अंतराला ताशी 850 किलोमीटरनं भागायचं आणि चढ-उताराचा अर्धा तास मिळवायचा, की झाले साडेनऊ तास. पण सांबऱ्याहून लंडनला थेट विमानच नाही. शिवाय वरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. साईट दोन्हीकडे एकच आकडा दाखवते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली, तसे वळसेही या हिशेबात येत नाहीत.

साईटचा खरा उपयोग आहे तो मार्ग निवडताना. टप्पे वेगवेगळे टाकून बेरीज करा. मुंबईमार्गे 404 अधिक 7,213, म्हणजे थेट रेषेपेक्षा जेमतेम दहा-बारा किलोमीटर जास्त. मुंबई जवळजवळ वाटेवरच आहे. दिल्लीमार्गे साडेपाचशे किलोमीटर वाढतात, बेंगळुरूमार्गे पावणेनऊशेच्या आसपास. दक्षिणेला जाऊन पुन्हा उत्तरेला वळायचं, तर स्वस्त तिकिटाचा हा फेरा आधी मोजून बघावा.

आता मुंबईमार्गे खरा हिशेब: सांबऱ्याला दोन तास आधी, उड्डाण सव्वा तास, मुंबईत चार तास, पुढे साधारण दहा. सव्वासतरा तास झाले. मुंबईतले चार तास कापू नका. देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं तर टर्मिनल दोन गाठायला गाडीनं जावं लागतं. दोन तिकिटं वेगळी असतील तर बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली उतरतात तेव्हा ही भीती जास्त, म्हणून त्या दिवसांत एकाच तिकिटावर जावं.

निपाणीकरांनी सुरुवातीलाच कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहूनही बेरीज करून बघावी. सांबऱ्यापेक्षा तो त्यांना जवळ.