पर्वतारोहणाचे जुने ग्रंथ: घरपोच पुनर्मुद्रण आणि चिपळूणची जुजबंदी

एकोणिसाव्या शतकातील पर्वतारोहणाचे इंग्रजी ग्रंथ आज कोणालाही छापता येतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, आणि एडवर्ड व्हिंपर, लेस्ली स्टीफन, जॉन टिंडल व ए. एफ. ममरी या चौघांपैकी सर्वांत शेवटी गेलेला व्हिंपरही 1911 मध्येच वारला. त्यामुळे मागणी येईल तशी एकेक प्रत छापून घरपोच पाठवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत ही नावे हटकून असतात. अशाच एका कंपनीकडून या चौघांचा प्रत्येकी एक ग्रंथ मी चिपळूणला मागवला. त्या प्रती पाहिल्यानंतर त्यांपैकी दोन ग्रंथ मूळ आवृत्तीच्या स्कॅनवरून इथल्याच बाजारपेठेतील एका बाइंडिंगवाल्यांकडून जुजबंदीने, म्हणजे पानांच्या घड्या दोऱ्याने शिवून, पुन्हा बांधून घेतले. हे परीक्षण दोन्हींचे आहे. स्टीफनचा ग्रंथ सोडला, तर घरपोच येणाऱ्या प्रतींवर पैसे घालवू नयेत, असे माझे मत झाले आहे.

त्याचे कारण नुसता स्वस्त कागद हे नव्हे. या ग्रंथांतील चित्रे, नकाशे आणि परिशिष्टे ही सजावट नसून पुरावा आहे, आणि पुनर्मुद्रण करणाऱ्यांनी नेमक्या त्याच गोष्टींची हेळसांड केलेली आहे.

व्हिंपरचा 1871 चा 'स्क्रॅम्बल्स अमंग्स्ट द आल्प्स' हा ग्रंथ घ्या. व्हिंपर पेशाने लाकडी ठशांवर चित्रे कोरणारा कारागीर होता. आल्प्समध्ये तो प्रथम गेला तो एका लंडनच्या प्रकाशकासाठी रेखाटने करायला, आणि ग्रंथातील चित्रांवर त्याने पुढे काही वर्षे खर्च केली. 14 जुलै 1865 रोजी तो सहा जणांसह मॅटरहॉर्नच्या शिखरावर पोहोचला. उतरताना अननुभवी हॅडोचा पाय घसरला, तो पुढचा वाटाड्या मिशेल क्रो याच्यावर आदळला, मागचे हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लसही ओढले गेले, आणि डग्लस व वाटाड्या थोरला पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे गेले, टाउगवाल्डर पितापुत्र आणि व्हिंपर वाचले. थोरल्या टाउगवाल्डरने स्वतःला वाचवण्यासाठी दोर कापला, अशी कुजबूज लगेच सुरू झाली. व्हिंपर ग्रंथात सांगतो, की दोर अधांतरी ताणानेच तुटला आणि त्याच्या टोकाला आधीची इजा दिसत नव्हती. मात्र त्यांच्याजवळ तीन प्रकारचे दोर होते: दोनशे फूट मनिला दोर, दीडशे फूट त्याहून जाड दोर, आणि दोनशे फुटांहून अधिक लांबीचा एक बारीक, कमजोर दोर. त्या ठिकाणी वापरला गेला तो नेमका तिसरा. तो का वापरला, हा प्रश्न व्हिंपरने टाउगवाल्डरच्या माथी तसाच ठेवला आहे, आणि मला त्यात थोडी क्रूरता दिसते. कारण दोरांची अंतिम जबाबदारी मोहीम जमवणाऱ्याचीही होतीच.

हा सगळा वाद वाचताना वाचक जे चित्र शोधतो, ते या दोरांचे. मूळ ग्रंथात ते आहे; पीळ आणि जाडी यांतील फरक डोळ्यांनी मोजता येईल इतके स्वच्छ कोरलेले आहे. घरपोच आलेल्या प्रतीत त्या जागी एक काळपट डाग आहे. अपघातानंतर आकाशात दिसलेल्या धुक्याच्या कमानीचे आणि त्यातल्या दोन क्रुसांचे पूर्ण पानी चित्र तर करड्या चौकोनापलीकडे काहीच दाखवत नाही. घडीचा नकाशा स्कॅन करणाऱ्याने उलगडलेलाच नाही, त्यामुळे त्याचा एक चतुर्थांश भाग छापला गेला असून कडेला स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याचे टोकही अजरामर झाले आहे.

छापील पुराव्याला या क्षेत्रात इतके महत्त्व का, हे माँ ब्लाँ या आल्प्समधील सर्वोच्च शिखराच्या पहिल्या आरोहणावरून कळते. 8 ऑगस्ट 1786 रोजी पायथ्याच्या शामोनी गावचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि स्फटिक गोळा करणारा जाक बाल्मा हे दोघे शिखरावर पोहोचले. पाकारने वर हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर नेला होता. तो स्वतःची हकीकत प्रसिद्ध करणार होता, पण ते पुस्तक कधी बाहेर आलेच नाही. उलट शामोनीच्या परिसरावर लिहिणाऱ्या बुरीने लगोलग बाल्माची बाजू छापली, आणि 1832 मध्ये वृद्ध बाल्माला भेटून अलेक्झांडर द्यूमाने रंगवलेली कथा तर घरोघरी गेली. तिच्यात डॉक्टर हा कसाबसा ओढत नेलेला सोबती उरला. शामोनीत 1887 मध्ये पुतळा उभा राहिला तो शास्त्रज्ञ सोसूरचा आणि त्याला शिखर दाखवणाऱ्या बाल्माचा. पाकारच्या वाट्याला पुतळा आला 1986 मध्ये.

टिंडलच्या 'अवर्स ऑफ एक्सरसाइज इन द आल्प्स' या ग्रंथाची प्रत त्यामानाने बरी निघाली. हाही 1871 चाच. टिंडल भौतिकशास्त्रज्ञ होता, 1861 मध्ये आल्प्समधील वाइसहॉर्न शिखरावर सर्वप्रथम पोहोचला होता, आणि हिमनदीच्या वर्णनातही त्याची नजर प्रयोगशाळेचीच राहते. त्याच वर्षी निघालेला स्टीफनचा 'द प्लेग्राउंड ऑफ युरोप' हा मात्र निव्वळ गद्याच्या जोरावर उभा आहे. एकेकाळी कुरूप आणि भीतिदायक वाटणारे पर्वत माणसाला सुंदर केव्हापासून वाटू लागले, याची त्याने केलेली मिस्कील चर्चा आजही ताजी आहे. चित्रांवर तिचे काही अडत नाही, म्हणून तेवढा एक ग्रंथ मागवण्यास हरकत नाही.

ममरीच्या 'माय क्लाइम्ब्स इन द आल्प्स अँड कॉकेसस' या 1895 च्या ग्रंथाची प्रत सर्वांत वाईट. ती स्कॅनवरून न छापता यंत्राने अक्षरे ओळखून नव्याने जुळवलेली आहे. परिणामी उच्चारचिन्हे असलेल्या फ्रेंच नावांच्या जागी चिन्हांची रांगोळी उमटली आहे, आणि अनुक्रमणिकेत पृष्ठांक मूळ आवृत्तीचे राहिल्याने कोणतेही प्रकरण सांगितलेल्या पानावर सापडत नाही. ग्रंथात ममरीच्या पत्नीने लिहिलेले टॉइफेल्सग्राट या पर्वतधारेवरील प्रकरण आहे; ते तिचे आहे हे या प्रतीत कुठेच कळत नाही. ग्रंथ निघाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ममरी नंगा पर्बतवर रघुबीर थापा आणि गोमान सिंग या दोन गुरखा सैनिकांसह नाहीसा झाला. त्यामुळे शक्य असेल तर 1908 ची आवृत्ती शोधावी. तिला त्याच्या पत्नीची प्रस्तावना जोडलेली आहे. व्हिंपरच्या बाबतीतही आवृत्ती पाहूनच घ्यावी, कारण 1880 मध्ये त्याने याच ग्रंथाचे संक्षिप्त रूप मॅटरहॉर्नच्या नावाने काढले होते.

बांधणीबद्दल वेगळे सांगायलाच हवे. चारही प्रतींच्या पाठी गरम डिंकाने चिकटवलेल्या होत्या. कोकणात जून उजाडला, की कागद हवेतले पाणी धरून कडेने वळतो, आणि पुस्तक मध्यावर उघडले की पानांचा गठ्ठाच हातात येतो. व्हिंपरची प्रत पहिल्याच पावसाळ्यात दुभंगली. 22 जुलै 2021 च्या पुरात ज्या गावाने घरांतली आणि वाचनालयातली पुस्तके लगदा होताना पाहिली, त्या गावातल्या बाइंडिंगवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

त्यांनी प्रथम छपाईच बदलायला लावली. पाने सुटी न छापता चार कागद एकात एक घालून सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायचा घडीचा जुडगा, पडेल अशा क्रमाने ती छापून आणायची, कागद सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, त्याहून जाड नाही. "जाडा कागद घडीवर फुटतो, सर, आणि पुस्तक मिटत नाही," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. मग प्रत्येक फर्म्याच्या घडीत आरीने भोके पाडून मेणाचा हात फिरवलेल्या दोऱ्याने जुजबंदी शिलाई, पाठीला मलमलीची पट्टी, वर पुठ्ठा आणि कापड. खळ ते स्वतः शिजवतात आणि तीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. नकाशा मोठ्या कागदावर वेगळा छापून त्याच्या कडेला कागदी पट्टी जोडली आणि ती पट्टी फर्म्याबरोबर शिवली; त्यामुळे नकाशा पूर्ण उघडतो आणि मिटताना घडी पाठीवर येत नाही. व्हिंपरचा ग्रंथ छपाईसह सातशेच्या आत पडला. घरपोच प्रत याहून महाग होती.

उणिवाही आहेत. झेरॉक्सच्या यंत्रावर कोरीव चित्रांच्या गडद भागांत थोडी शाई साचतेच. स्कॅन निवडताना निरनिराळ्या ग्रंथालयांच्या प्रती पडताळून नकाशे उलगडलेली आणि चित्रे फिकट असलेली प्रत घेतली, तर हा दोष बराच कमी होतो. पाठीवरचे सोनेरी नाव हाताने ठसवलेले असल्याने किंचित तिरके आहे, आणि व्हिंपरच्या नावातला अनुस्वार पहिल्या प्रतीवर राहूनच गेला. दिलेली तारीख पाळण्याची सवय त्यांना नाही. गणपतीच्या आधी लग्नपत्रिका आणि वह्यांची कामे नसली तरी मंडळांच्या पावतीपुस्तकांची रांग असते. शिवाय जून ते सप्टेंबर खळ नीट वाळत नाही म्हणून ते कापडी बांधणी हातातच घेत नाहीत. तेव्हा काम द्यायचे असेल, तर दिवाळीनंतर द्यावे आणि छापलेले फर्मे स्वतः एकदा मोजून घ्यावेत.