आठवी ते दहावीचे इंग्रजी: भाषांतर पद्धत, केवळ इंग्रजी की द्विभाषिक पद्धत?

मराठवाड्यातील एखाद्या माध्यमिक शाळेत इंग्रजीचा विषय ज्याच्याकडे नव्याने येतो, त्या शिक्षकाला सुरुवातीच्या काही दिवसांतच एक निर्णय घ्यावा लागतो. धडा मराठीतून समजावून सांगायचा, वर्गात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येऊच द्यायची नाही, की दोन्ही भाषा ठरवून आणि मोजून वापरायच्या? बहुतेक ठिकाणी आधीच्या शिक्षकांची रीतच पुढे चालू राहते आणि हा प्रश्न कुणी विचारतही नाही. तो विचारला गेला पाहिजे, कारण दहावीनंतर यांतील अनेक मुलांना इंग्रजी शिकवणारे कुणी भेटणार नसते.

आधी वर्ग पाहू. राज्यात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, म्हणजे आठवीतील मूल कागदावर सात वर्षे इंग्रजी शिकलेले असते. प्रत्यक्षात एकाच वर्गात सलग परिच्छेद वाचणारी मुलगी आणि अक्षरे जुळवत थांबणारा मुलगा शेजारी बसलेले असतात. घरच्या भाषाही एक नसतात. मराठी माध्यमाच्या शाळेत तांड्यावरून येणाऱ्या मुलांच्या घरी गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलली जाते, शहरांतील अनेक मोहल्ल्यांत दखनी उर्दू, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू आणि उदगीर-उमरगा पट्ट्यात कन्नड. शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी, हा अनुभव या प्रदेशाला नवा नाही. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात मराठी घरांतील मुलांनी उर्दूतून शिक्षण घेतले आहे. त्यामुळे ‘मातृभाषेचा आधार घ्यावा’ असे म्हणताना ती कुणाची मातृभाषा, हे प्रत्येक वर्गात तपासावे लागते.

भाषांतर पद्धत सर्वांत रुळलेली आहे. शिक्षक इंग्रजी वाक्य वाचतो, मराठी अर्थ सांगतो, कठीण शब्द फळ्यावर लिहितो, मग व्याकरणाचा नियम आणि त्यावरील स्वाध्याय. तिला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. साठ मुलांच्या वर्गात ती चालते, तिला साधने लागत नाहीत, स्वतःच्या बोलण्याविषयी साशंक असलेल्या शिक्षकालाही ती निभावता येते, आणि उताऱ्याचा आशय मुलाला निश्चित कळतो. तिचा खरा दोष असा की तासभर जी भाषा वर्गात ऐकू येते ती मराठी असते. मूल इंग्रजीविषयी पुष्कळ शिकते, पण इंग्रजी वाक्य स्वतः तयार करण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. शिवाय शब्दाला शब्द लावण्याची सवय पक्की होते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, आणि ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना आपल्याकडे जोडच नाही. त्यामुळे सुटे शब्द पाठ असूनही वाक्य उभे राहत नाही. गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला तर दोनदा भाषांतर करावे लागते, आणि मराठी अर्थच अवघड असला तर ते पहिल्याच पायरीवर थांबते.

केवळ इंग्रजीतून शिकवण्याचा आग्रह याच्या दुसऱ्या टोकाला आहे. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रुजली. तिचा प्रसार करणाऱ्या बर्लिट्झ या भाषाशिक्षकाची पहिली शाळा 1878 मधली. तेथील विद्यार्थी थोडे, बहुधा प्रौढ, आणि शिकवणारे त्या भाषेत वाढलेले असत. मुलांच्या कानावर सतत इंग्रजी पडते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे आणि तो इतर दोन्ही पद्धतींनी तिच्याकडून घ्यायला हवा. पण 40 मिनिटांच्या तासात 60 मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्यासाठी जास्तीत जास्त 40 सेकंद येतात, तेही शिक्षक स्वतः एक शब्दही बोलला नाही तर. ‘टेबल’ दाखवता येते. ‘ऑनेस्टी’ किंवा ‘ऑल्दो’ हावभावांनी समजावताना पाच मिनिटे जातात, आणि एवढे करून निम्म्या वर्गाचा अर्थाविषयीचा अंदाज चुकलेलाच असू शकतो. मागच्या बाकांवरील मुले अशा वर्गात शांत होतात, आणि त्या शांततेला शिस्त समजण्याची चूक होते. जवाहर नवोदय विद्यालयांसारख्या निवासी शाळांत, जेथे निवडलेली मुले असतात आणि तासाबाहेरही इंग्रजी कानावर पडते, तेथे हा मार्ग योग्य ठरतो. जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी अनुदानित शाळेतील आठवीच्या वर्गात तो पहिल्या दिवसापासून लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

द्विभाषिक पद्धत म्हणजे या दोहोंचे मिश्रण, असा गैरसमज आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक सी. जे. डॉडसन यांनी वेल्समध्ये तिची मांडणी केली आणि त्यांचे पुस्तक 1967 मध्ये आले. तिचे नियम काटेकोर आहेत. मातृभाषा शिक्षकाने वापरायची, विद्यार्थ्याने उत्तर इंग्रजीतच द्यायचे. अर्थ सुट्या शब्दाचा न देता पूर्ण वाक्याचा द्यायचा. छापील वाक्य सुरुवातीपासून मुलासमोर ठेवायचे. वर्गात ते असे घडते: ‘आय हॅव टू ब्रदर्स’ हे वाक्य शिक्षक म्हणतो, लगेच ‘मला दोन भाऊ आहेत’ असा अर्थ सांगतो आणि वाक्य पुन्हा इंग्रजीत म्हणतो, मुले ते आधी एकत्र आणि मग एकेकटी म्हणतात. ‘मला’साठी ‘टू मी’ शोधण्याची वेळच येत नाही. पुढच्या पायरीवर शिक्षक फक्त मराठी वाक्ये देतो, ‘मला एक बहीण आहे’, ‘मला ताप आहे’, आणि मुले त्याच साच्यात इंग्रजी वाक्ये तयार करतात. नंतर मराठी इशाराही काढून घेतला जातो आणि प्रश्नोत्तरे पूर्ण इंग्रजीत होतात. अर्थ सांगण्यात वाचलेला वेळ बोलण्याच्या सरावाला मिळतो, आणि या पद्धतीचे सगळे सामर्थ्य त्या वाचलेल्या वेळात आहे.

तिच्यासाठी तयारी मात्र सर्वांत जास्त लागते. वाक्ये आदल्या दिवशी निवडून ठेवली नाहीत, तर शिक्षक नकळत मराठीतून व्याख्यान देऊ लागतो आणि आठवड्याभरात वर्ग पुन्हा भाषांतर पद्धतीवर येतो. मराठीचे प्रमाण महिन्यागणिक घटते आहे की नाही, हे स्वतःच पाहावे लागते. बहुभाषिक वर्गात आणखी एक पाऊल हवे: मराठी अर्थाने चेहरा उजळला नाही, तर शेजारच्या मुलाला तो गोरमाटीत किंवा तेलुगूत सांगू द्यावा. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने वर्गातील बहुभाषिकतेला साधन मानले आहे, आणि त्या दृष्टीने हे अर्धे मिनिट मुळीच वाया जात नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत ‘नाम’, ‘क्रियापद’ यांच्याऐवजी मुलांना माहीत असलेले ‘इस्म’, ‘फेल’ वापरावेत. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय असल्याने तेथील कच्च्या मुलांना लेखनाचा सराव थोडा अधिक द्यावा.

सरावाचे साचे पक्के झाले की त्यांना काम मिळाले पाहिजे, नाहीतर तेही पाठांतरच होते. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पात (1979 ते 1984) दक्षिणेतील सामान्य शाळांमधील मुलांना वेळापत्रके आणि नकाशे देऊन विचार करायला लावणारी कामे इंग्रजीतून करायला दिली गेली. आपल्याकडे बसस्थानकावरचे एसटीचे वेळापत्रक उतरवून आणले, तर ‘सकाळी दहाला नांदेडला पोहोचायचे असेल, तर परभणीहून कोणती गाडी धरावी?’ हा प्रश्न आठवड्यातील एका तासाला पुरतो. द्विभाषिक तासांना अशा कामांची जोड देणे मला सर्वांत फलदायी वाटते.

पद्धत निवडताना बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले पुढचे काही महिने शाळेत नसतात, किंवा आजी-आजोबांकडे राहून अनियमित येतात. केवळ इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गात परतलेल्या मुलाला आधारच सापडत नाही. भाषांतर पद्धतीत त्याच्या हाती निदान गाईड असते. द्विभाषिक पद्धतीत महिन्याची वाक्ये मराठी अर्थासह एका पानावर लिहून देता येतात आणि ते पान फडावरही नेता येते. ज्या शाळेत असे स्थलांतर मोठे आहे, तेथे माझ्या दृष्टीने हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे.

दहावीत लेखी 80 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात, आणि लेखी परीक्षेच्या दडपणाखाली तोंडी भाग अनेकदा उरकला जातो. भाषांतर पद्धतीला या लेखी परीक्षेत तात्पुरता लाभ होतो, हे मान्य करायला हवे. म्हणून दहावीच्या दुसऱ्या सत्रात नुकताच वर्ग हाती आला असेल आणि मुले फार मागे असतील, तर त्या वर्षापुरते भाषांतर पद्धतीनेच शिकवावे. त्या टप्प्यावरचा प्रयोग मुलांना महागात पडतो. सेमी-इंग्रजीच्या तुकडीत गणित-विज्ञानाचे शब्द आधीच कानावर असतात, तेथे मराठीचा आधार आठवीतच वेगाने कमी करता येतो. इतर सर्व तुकड्यांत आठवीपासून द्विभाषिक पद्धत धरावी, नववीत मराठी इशारे निम्म्यावर आणावेत, आणि त्याच मुलांना दहावीतही तोच शिक्षक मिळेल अशी वाटणी मुख्याध्यापकांकडे आग्रहाने मागावी.