एकाच कपाटातला ऐवज, पाच लॉटमध्ये

१९८०च्या दशकाच्या मध्यास आखली गेलेली, परंतु कधीच बाजारात न आलेली एक ॲक्शन फिगर, म्हणजे सांधे हलणाऱ्या खेळण्यातल्या पात्रांची, मालिका आणि तिचे आरेखन-साहित्य एका ऑनलाइन लिलाव संस्थेने विक्रीस काढले होते. त्या पाच लॉटपैकी, म्हणजे एकत्र बोली लागणाऱ्या गटांपैकी, दोन मी घेतले. एकात मापे टाकलेली चार आरेखने होती, तर दुसऱ्यात एका पात्राची रंग न दिलेली रेझिनची हार्डकॉपी, म्हणजे मूळ शिल्पाच्या साच्यातून ओतलेली प्रत. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण ज्या चुकीविषयी येथे लिहिणार आहे ती या व्यवसायात सर्रास घडते.

आधी जे उत्तम होते ते सांगतो. मार्करची शाई उजेडात फिकी पडते हे जाणून आरेखने आम्लरहित कागदांच्या मध्ये, प्रकाश आत न जाणाऱ्या पाकिटात ठेवली होती आणि ती वाकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठे लावले होते. हार्डकॉपीचे हात, पाय व डोके सुटे करून प्रत्येक भागासाठी फोममध्ये वेगळी खाच कापली होती. जुने रेझिन ठिसूळ असते आणि सांध्याची खुंटी एकदा मोडली की ती जोडता येते, पण मोडल्याची खूण जात नाही. सूचीत प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूचेही छायाचित्र होते. शिक्के, तारखा आणि पेन्सिलीने केलेल्या नोंदी बहुधा मागेच असतात, त्यामुळे संग्राहकाला चित्राइतकीच पाठही पाहायची असते.

वर्णनांबाबत मात्र इतके समाधान नाही. समोरून, मागून आणि बाजूने काढलेल्या मोजमापाच्या आरेखनांना सूचीत ‘संकल्पनाचित्रे’ म्हटले होते. संकल्पनाचित्र हे वरिष्ठांना कल्पना पटवून देण्यासाठी असते, तर मोजमापाचे आरेखन शिल्पकाराच्या हाती देण्यासाठी. दुसरे सापडले, तर काम पहिल्या मंजुरीच्या पुढे गेले होते असे मानायला जागा राहते. हार्डकॉपीला ‘एकमेव’ म्हणणेही घाईचे होते. मूळ शिल्प मेणात घडवतात, पुष्कळदा तयार खेळण्याच्या दुप्पट आकारात, ज्याला या क्षेत्रात टू-अप म्हणतात. त्यावरून सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिनच्या प्रती ओततात, आणि रंगाचा नमुना, सूचीपत्रातील छायाचित्रे, पोलादी साच्याची तयारी अशा वेगवेगळ्या कामांसाठी अशा अनेक प्रती लागतात. पोलादी साचा हा सर्वांत खर्चिक टप्पा असल्याने रद्द होणारी मालिका बहुधा त्याच्या अलीकडेच थांबते; म्हणून अशा मालिकांची आरेखने व हार्डकॉपी सापडतात, पण साच्यातून निघालेले पहिले प्लॅस्टिकचे नमुने, म्हणजे फर्स्ट शॉट, क्वचितच मिळतात.

खरी तक्रार विभागणीविषयी आहे. हे सारे साहित्य एकाच माणसाच्या कपाटातून आले होते, असे सूचीतच लिहिले होते. तरीही आरेखने, हार्डकॉपी, कार्यालयीन टिपण, रंगांचे तक्ते आणि उपसाधनांची चित्रे असे त्याचे पाच तुकडे करण्यात आले. बाजारात आलेल्या फिगरच्या प्रोटोटाइपबाबत, म्हणजे उत्पादनाआधीच्या नमुन्याबाबत, हे एक वेळ चालून जाते. केनर या खेळण्यांच्या कंपनीची, ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेट या पात्राची, पाठीवरून क्षेपणास्त्र उडवणारी फिगर १९७९ मध्ये जाहिरात होऊनही विक्रीस आली नाही, आणि तिचा एक प्रोटोटाइप २०२४ मध्ये ५,२५,००० डॉलरला विकला गेला. पण शेजारी ठेवून ताडून पाहायला तिथे विक्रीस आलेला साधा बोबा फेट तरी आहे. जी मालिका निघालीच नाही तिच्याबाबत ही सोय नसते. ‘एलियन’ या १९७९च्या चित्रपटावरून केनरने आखलेल्या पावणेचार इंची फिगर २०१३ मध्ये सुपरसेव्हन या कंपनीने बाजारात आणल्या. तोवर त्या मालिकेचा पुरावा म्हणजे जुने प्रोटोटाइप आणि जुने कागद एवढाच होता. अशा साहित्यात एका वस्तूची साक्ष दुसरीच वस्तू देते, आणि नेमकी तीच जोडी लिलावात फुटते.

माझ्या हार्डकॉपीच्या तळपायावर पेन्सिलीने लिहिलेला एक सांकेतिक क्रमांक आहे. तोच क्रमांक कार्यालयीन टिपणात असावा असे सूचीतील छायाचित्रावरून वाटत होते. पण ते इतके लहान होते की आकडा वाचता येईना, आणि टिपण दुसऱ्याच बोलीदाराकडे गेले. मी विचारणा केली. दोन दिवसांत सौजन्यपूर्ण उत्तर आले आणि आठवड्याभरात टिपणाची स्पष्ट प्रतही आली, ज्यात तो क्रमांक पात्राच्या नावासमोर होता. हे संस्थेच्या बाजूने नोंदवायलाच हवे. सोबतच्या प्रमाणपत्रात मात्र ‘आमच्या मते अस्सल’ एवढेच वाक्य आहे. ते मत कशावरून बनले, याचा त्यात उल्लेख नाही.

तो आधार मला स्वतःच शोधावा लागला. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक थंड होताना आकसते, म्हणून हार्डकॉपी ही ठरलेल्या तयार फिगरपेक्षा किंचित मोठी असते. उलट, हार्डकॉपीवरूनच साचा घेऊन ओतलेली नक्कल बहुधा मूळ प्रतीपेक्षा थोडी लहान निघते. माझ्या आरेखनावर तयार खेळण्याची उंची लिहिलेली आहे आणि हार्डकॉपी तिच्याहून केसभर उंच भरली. (झेरॉक्सवरून मोजमाप कधीही घेऊ नये, यंत्र आकारात थोडाफार फरक करते. हाती आलेला आकडा लिहिलेला आहे की पट्टीने मोजलेला, हे म्हणूनच महत्त्वाचे.) दोन्ही लॉट माझ्याकडे आले म्हणून ही पडताळणी शक्य झाली. ज्याने केवळ हार्डकॉपी घेतली असती त्याच्या हाती प्रमाणपत्रातले ते एक वाक्य उरले असते.

बांधणी आणि पत्रव्यवहार यांसाठी मी या संस्थेकडून पुन्हा खरेदी करीन. वर्णनावर विसंबून मात्र बोली लावणार नाही. उपसाधनांच्या चित्रांचा लॉट न विकला गेल्याने पुन्हा सूचीत आला आहे. त्याच्या वर्णनात उरलेल्या चार लॉटचे क्रमांक द्यावेत अशी मी विनंती केली होती, आणि ते आता दिले आहेत, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत.