जहाजाचा सिक्युरिटी प्लॅन करून देणारे दोन कन्सल्टंट: एक बांधावर आलता, एक आलाच नाही

आधीच सांगतो, दोघांचंबी नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की कंपनी कळते, कंपनी कळली की जहाज कळतं, अन् ज्या कागदाबद्दल लिहायलोय (चोर, चाचे, फुकटे प्रवासी यांच्यापासनं जहाज कसं राखायचं ते लिहिलेला प्लॅन) तो कागद कुलपात ठेवायचा असतो, परदेशातला पोर्ट स्टेट इन्स्पेक्टर, म्हणजे तिथल्या बंदराचा सरकारी तपासनीस, जहाजावर चढला तरी त्यालाबी सहसा उघडून दाखवायचा नसतो, मग मी इथं कशाला दाखवू. पण सर्व्हिस कशी मिळाली ते सांगायला काय हरकत नाही. आमच्या लातूर-नांदेडकडची पोरंबी आता बोटीवर जायलेत, त्यातला एखादा चीफ ऑफिसर (कॅप्टनच्या खालचा) झाला की शिप सिक्युरिटी ऑफिसरची टोपी बहुतेक त्याच्याच डोक्यावर येऊन बसते, वेगळा माणूस नाही, वेगळा पगार नाही. माझ्या डोक्यावर अशीच बसली.

तर झालं असं. आमच्या कंपनीनं एक जुनं बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं जहाज) विकत घेतलं, चार क्रेनचं, आम्ही सगळे मिळून २१ जण. मालक बदलला, झेंडा (म्हणजे नोंदणीचा देश) बदलला की आधीच्या मालकाचा सिक्युरिटी प्लॅन चालत नाही, नवा करावा लागतो. तवर सहा महिन्याचं इंटरिम, म्हणजे तात्पुरतं, सर्टिफिकेट मिळतं, अन् ते संपलं की परत परत वाढवून घ्यायची सोय नाही. ५०० टनेजच्या वरचं परदेशी जाणारं कुठलंबी मालवाहू जहाज घ्या, त्याला १ जुलै २००४ पासनं हे लागूच आहे, अमेरिकेतल्या त्या २००१ च्या हल्ल्यानंतर आयएमओनं (जहाजांचे नियम करणारी जागतिक संघटना) आयएसपीएस कोड, म्हणजे जहाज अन् बंदराच्या सुरक्षेचे नियम, आणला तवापासनं. म्हणजे नवीन काय नव्हतं, ऑफिसला माहीत होतं, पण ऑफिसनं घाई केली अन् सगळ्यात स्वस्त माणूस धरला.

हा पहिला. याच्याबद्दल चांगलं सांगायचं तर काम फटाफट केलं, आठवड्यात दीडशे पानाची पीडीएफ आली. मला, ऑफिसला, अजून चार अनोळखी मेल आयडींना, सगळ्यांना एकाच मेलमधे, पासवर्ड नाही काय नाही. म्हणजे जो कागद चोराच्या हातात पडू नये म्हणून कुलपात ठेवायचा तो आधी गावभर वाटून झाला. तिथंच ओळखायला पाहिजे होतं. मी वाचायला घेतला तर चौदाव्या पानावर लिहिलंय, बंदरात असताना अकोमोडेशनच्या लिफ्टला कुलूप लावावं. आमच्या जहाजात लिफ्टच नाही! पाच मजले आम्ही पायानं चढतो. पुढं क्रेनचा कुठं उल्लेख नाही, अन् क्रेनची केबिन तर लपून बसणाऱ्याला भारी जागा. सरळ दिसत होतं की कुठल्यातरी मोठ्या टँकरचा प्लॅन उचलून नाव तेवढं बदललंय.

बरं, कागद तपासणाऱ्याला लिफ्ट आहे का नाही हे ऑफिसात बसून कसं कळणार, त्यामुळं प्लॅन मंजूर होऊन आला. कांडल्याला ऑडिटर जहाजावर आला तवा खरी गंमत. प्लॅनमधे लिहिलंय ते सगळं जहाजावर चालू दिसल्याशिवाय पक्कं सर्टिफिकेट मिळत नाही. त्यानं प्लॅन उघडला, चष्मा वर केला अन् मला म्हणला, चीफसाब, लिफ्ट दिखाइए. काय दाखवू? सर्टिफिकेट अडकलं, अन् इंटरिमचे पाच आठवडे राहिलते.

त्या रात्री घरी फोन केला. आमचं औशाकडं सोयाबीन असतंय, त्या साली पावसानं पार झोपवलं होतं. अण्णांना सगळं सांगितलं, प्लॅन काय, ऑडिट काय, त्यांना निम्मं कळलं नसंल, पण शेवटी एकच विचारलं, "बांधावर आलता का रं तो?" म्हणलं नाही अण्णा, ऑफिसातच बसून केलंय. "मग कसला आलाय पंचनामा," म्हणले. आमच्याकडं ज्यानं पीकविम्याची वाट बघितलीय त्याला यावर जास्त सांगायला नको. अन् गंमत अशी की कोडमधेबी तेच लिहिलंय, प्लॅनच्या आधी असेसमेंट (धोका कुठं कुठं आहे त्याचा अंदाज) करायचं अन् त्या असेसमेंटमधे जहाजावर जाऊन पाहणी झालीच पाहिजे. ती पाहणी पहिल्यानं कागदावरच उरकलती, तारीख टाकून.

मग ऑफिसनं दुसरा धरला, बेलापूरकडचा, स्वतः बोटीवरनं रिटायर झालेला माणूस. पैसे पहिल्याच्या दुप्पट घेतले म्हणं. हा कांडल्याला बॅग घेऊन गँगवेवर (जहाजावर चढायच्या जिन्यावर) हजर, वर आल्या आल्या थांबला अन् गँगवेवरच्या पोराकडं बघत बसला. पोरगं गांगरलं. साहेब म्हणले, "अरे मी कोण आहे ते विचार की, ओळखपत्र बघ, बॅग बघ, तुला न विचारता मी वर आलोच कसा?" तिथनं सुरवात. दोन दिवस राहिले. बॉयलर सूट घालून स्टीअरिंग फ्लॅटमधे (सुकाणूच्या मशीनच्या खोलीत) उतरले, रडर ट्रंककडं, म्हणजे सुकाणूच्या वरच्या पोकळ जागेकडं, टॉर्च मारली (आफ्रिकेच्या बंदरात फुकटे प्रवासी तिथं जाऊन बसतात, रिकाम्या जहाजाला पाण्याच्या बाजूनं चढता येतं), क्रेनच्या शिड्या, चेन लॉकर, फनेलच्या आतली बाजू, पेंट स्टोअर, सगळं. रात्री दोन वाजता गुपचूप डेकवर फिरून किती वेळानं कुणी हटकतंय ते घड्याळ लावून बघितलं. किती वेळ लागला ते विचारू नका.

सगळ्यात भारी काम त्यांनी मेसमधे बसून वहीच्या मागच्या पानावर केलं. पहिल्याच्या प्लॅनमधे होतं की सिक्युरिटी लेव्हल २ (धोका वाढल्याचा इशारा) लागली की गँगवेवर दोन अन् डेकवर गस्तीला चार माणसं, चोवीस तास. ऐकायला कसं दमदार वाटतंय. साहेबांनी विचारलं डेकची माणसं किती, म्हणलं बोसन (खलाशांचा मुकादम) धरून सात. मग हिशोब मांडला: सहा माणसं गुणिले २४ म्हणजे १४४ तास पाहिजेत. माणसाला दिवसात कमीत कमी १० तास विश्रांती द्यावीच लागते म्हणजे कामाला उरले १४, सात चोक... नाही सात चौदे ९८. "४६ तास कुठनं आणणार चीफ, कूकला उभं करणार?" मी गप्प. बोसन मागं उभा होता तो खुदकन हसला. म्हणजे तो प्लॅन पहिल्याच दिवशी मोडणार होता, नाहीतर आम्ही विश्रांतीच्या रजिस्टरमधे खोटं लिहिणार होतो. त्यांनी ते बदलून आमच्या माणसात बसंल असं केलं. कमी माणसं, जास्त कुलपं, उजेड, अन् बाकी किनाऱ्यावरच्या एजंटकडनं वॉचमन. आकडे सांगत नाही.

दुसरं म्हणजे अलर्ट बटण. ते गुपचूप दाबायचं असतं, जहाजावर भोंगा वाजत नाही, किनाऱ्यावर मेसेज जातो, एक बटण ब्रिजवर (जिथनं जहाज चालवतात तिथं) अन् किमान एक दुसरीकडं. साहेब म्हणले टेस्ट करू, आधी ऑफिसला कळवलं, दाबलं, ऑफिस म्हणतंय काहीच आलं नाही. अर्ध्या तासानं कळलं, मेसेज जुन्या मालकाच्या सिक्युरिटी ऑफिसरला गेलाय. जहाज विकून त्यांना पाच महिने झालते! समजा खरंच कोणी बंदुका घेऊन चढलं असतं तर मदतीची हाक भलत्याच्याच दारात. हे ऐकून आमचे कॅप्टन साहेब, जे सहसा काही बोलत नाहीत, ते खुर्चीतनं उठून परत बसले.

लपायच्या खोलीचंबी तसंच. जानेवारी २०२४ मधे सोमालियाजवळ लिला नॉरफोक जहाजावर चाचे चढले, २१ जण आत कोंडून घेऊन बसले, त्यात १५ भारतीय, अन् आयएनएस चेन्नईनं येऊन सोडवलं. तवापासनं सगळ्या बोटीवर सिटाडेलची, म्हणजे या लपायच्या खोलीची, चर्चा. पण खोलीला नुसतं नाव देऊन भागत नाही, आतनं दार पक्कं लागतंय का, पाणी, जेवण, अन् मेन म्हणजे आतनं बाहेर फोन लागतोय का. साहेबांनी आम्हाला दार लावून आत बसवलं अन् सॅटेलाईट फोन लावायला लावला. लागला नाही. अँटेनाची वायर टाकून घेतली तवा लागला.

प्लॅन पुन्हा मंजुरीला गेला. पहिला म्हणायचा "अप्रूव्हल माझ्याकडं लागलं", हे म्हणले "लिहिणारा मी, मंजूर करणारा दुसरा, दोन्ही एकाच माणसानं करायचं नसतंय." इंटरिम संपायला चार दिवस असताना पक्कं सर्टिफिकेट हातात आलं, पाच वर्षाचं, मधे एक तपासणी.

आता तक्रारी, कारण नुसती आरती ओवाळायची नाही मला. वर्षाच्या मेंटेनन्सचे ते वेगळे पैसे घेतात, अन् मेलला उत्तर चार-चार दिवस नाही. त्यांनी केलेली ड्युटी कार्डं इतक्या जड इंग्लिशमधे होती की गँगवेवरच्या पोराला वाचून घाम फुटायचा, मी ती हिंदीत सोपी करून चिकटवली. ड्रिलचा (सरावाचा) तक्ता मात्र नीट दिलाय: तीन महिन्यातनं एक तर ठरलेलंच, पण एकदम पाव हिश्श्याच्या वर माणसं बदलली, म्हणजे आमच्याकडं सहा नवे आले, की आठवड्याच्या आत ड्रिल. पहिल्याच्या कागदात हे नव्हतंच.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो ड्रिलच्या विषयांसाठी. वर्षाला चार पाठवतात, त्यातले तीन "संशयास्पद पाकीट". गेल्या खेपेला घोषणा करायला मी माईक उचलला तवा कूक गॅलीतनंच ओरडला, "लाँड्रीत बघा, मशीनच्या मागं." तिथंच होतं.