आरएक्स १०० : एअर फिल्टरच्या रबराचा सात महिन्यांचा अनुभव

गाडी १९९४ची यामाहा, टू-स्ट्रोक बाइक, वडिलांची. तिच्याबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते फिल्टरचा डबा आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या रबराबद्दल, कारण त्याच्यापायी माझे साडेतीन हजार गेले.

मार्चमध्ये साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात फुल रेसवर गाडी जड झाली आणि मागचं चाक धरलं. लगेच क्लच दाबला म्हणून पडलो नाही. पिस्टन चिकटला होता, प्लग पांढराफटक, म्हणजे इंजिन जास्त तापल्याची खूण. गॅरेजवाल्याने ऑइलला दोष देऊन सिलिंडरला बोअर मारून दिला. महिन्याभरात प्लग पुन्हा पांढरा!

मग कार्बोरेटर मीच उतरवला. रबर वरून धडधाकट दिसत होतं. बोटांनी पिळलं तेव्हा खालच्या घडीत नखभर फट उघडली. जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तेवढाच आणि हवा जास्त, म्हणजे मिश्रण पातळ आणि इंजिन तापणार. शिवाय त्या फटीतून न गाळलेली धूळ थेट बोअरमध्ये. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर धूळ किती असते ते वेगळं सांगायला नको. कार्बोरेटरचा इंजिनाच्या बाजूचा जॉइंट फाटला तर आणखी वाईट: रेस सोडली तरी उतरत नाही. तोही त्याच वेळी तपासा. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून साबणाचं पाणी शिंपडा, आवाज बदलला की गळती तिथेच.

पैसे वाचवायला दीडशेचं डुप्लिकेट रबर आणलं. बसलं झकास. दोन महिने मी चार जणांना तेच घ्या म्हणून सांगितलं. ते शब्द मागे घेतो. जूनमध्ये ते फुगलं, मऊ पडलं आणि क्लिपमधून निसटायला लागलं. साधं रबर पेट्रोल-ऑइलच्या वाफेने फुगतं, नायट्राइल (तेलाला टिकणारं कृत्रिम रबर) टिकतं. ओरिजिनल पाचशे चाळीसला मिळालं. तेव्हा जिवावर आलं होतं, आज नाही.

डबा काढून उघडा कोन फिल्टर लावा, असं बरेच जण सांगतात. मी लावणार नाही. मेन जेट बदलावा लागतो, आणि कासच्या पावसात उघड्या फिल्टरवर पाणी बसतं. डब्यातला फोम रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, ऑइलचा हात देऊन पिळा. खर्च जवळपास शून्य.

पावसाळाभर घाट चढलो. परवा प्लग काढला, चॉकलेटी निघाला, म्हणजे मिश्रण बरोबर. जुनी क्लिप तेवढी अजून नीट आवळत नाही, स्क्रूचे आटे गेलेत. ती या आठवड्यात बदलतोय.