नाना पेठेतलं पॅकिंगचं दुकान: जुना तुकडा सोबत न्या

माझी मारुती 800, 2003 ची. जूनमध्ये कात्रजचा घाट चढताना रेडिएटरचा पाइप फुटला आणि ‘बोगद्यापर्यंत तरी जाईल’ म्हणून मी गाडी तशीच दामटली. काटा लालमध्ये जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर तिला दूध जास्त झालेल्या चहाचा रंग. म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलं होतं: हेडचं पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट) गेलं होतं. चूक माझीच.

हेड उघडल्यावर मात्र माझ्या चुकीखाली दुसऱ्याची एक जुनी चूक सापडली. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, गळणं थांबवायला जुन्या रबरावरच सिलिकॉन पेस्टची अख्खी ट्यूब पिळली होती. बाहेरून दिसायला छान. आत दाबून गेलेलं सिलिकॉन सुटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, पडलं होतं. आमच्या आताच्या मिस्त्रीने ऑइलच्या जाळीवरून ते शेवयांसारखं ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. जाळी आणखी थोडी तुंबली असती तर इंजिनला ऑइलच मिळालं नसतं.

मिस्त्री म्हणाला, फुल सेट आणा, म्हणजे सगळी पॅकिंग्ज एकाच डब्यातली. मी भोसरीत रबर पार्ट्सच्या कंपनीत लॅबमध्ये बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे बंद डब्यातल्या रबरावर माझा विश्वास नाही. सुटं सुटं घ्यायचं ठरवलं आणि नाना पेठेत गेले.

दुकान जेमतेम आठ फुटांचं. छतापासून खिळ्यांना टांगलेली पॅकिंग्ज, काउंटरवर कापडात गुंडाळलेले पंच. दुकानदार काका गाडीचं मॉडेल सांगितलं तरी हलत नाहीत, जुना तुकडा काउंटरवर पडला की मगच वर बघतात. मी टॅपेट कव्हरचं जुनं रबर ठेवलं. त्यांनी ते दोन बोटांत वाकवलं आणि ते खारी तुटावी तसं तुटलं. ‘नायट्राइल आहे ताई, भाजलंय,’ एवढंच बोलले.

आता हे मला माहीत होतं. 100 अंशांच्या तेलात 70 तास बुडवलेला तुकडा किती फुगला, किती कडक झाला, याच्या नोंदी मी आयुष्यभर लिहिल्यात. नायट्राइल हे रबर तेलाला चांगलं, पण सतत शंभरच्या वर तापत राहिलं की लाकूड होतं. टॅपेट कव्हर नेमकं त्याच जागी बसतं. तिथे सिलिकॉन रबर जास्त टिकतं, 200 अंश ते सहज सोसतं. काकांनी दोन दाखवली, काळं आणि लाल. लालची किंमत जवळजवळ दुप्पट.

पण लाल दिसलं की सिलिकॉन, असं काही नसतं, रंग कशातही घालता येतो. मी साच्यातून कडेला निघालेला जास्तीचा रबराचा तुकडा तोडून घेतला, बाहेर फुटपाथवर आले आणि काडी लावली. नायट्राइल असतं तर काळा धूर आणि काजळी सुटली असती. इथे पांढरट धूर आणि मागे पांढरी राख. खरं सिलिकॉन. आत आले तर काका हसत होते. म्हणाले, ‘पटलं का?’ असं करू देणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदाच भेटला.

हेडच्या पॅकिंगवरून मात्र आमचं वाजलं. नव्या गाड्यांत असतं तसं थरांचं स्टीलचं मला हवं होतं, चांगलं तेच असा माझा समज. काकांनी विचारलं, हेड फेस कुठे मारलं, म्हणजे घासून सपाट कुठे केलं? सांगितलं. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) लावला तेव्हा 0.10 मिलिमीटरची पात गेली होती आणि मर्यादा 0.05 ची, म्हणून फेस मारणं भागच होतं. ‘ते ठीक, पण नख फिरवून पाहिलंत?’ मी पाहिलं होतं, बारीक रेघा लागत होत्या. मग त्यांनी स्टीलचं कपाटात परत ठेवलं. स्टीलला आरशासारखा पृष्ठभाग लागतो, नाहीतर त्या रेघांतूनच पाणी वाट काढतं. ग्राफाइटचं कंपोझिट मऊ असतं, बारीकसारीक रेघ भरून घेतं. मग तेच घेतलं. वर ताकीद मिळाली: कोरडं बसवा, सिलिकॉन नको, ग्रीस नको.

महाग वस्तू विकायची सोडून स्वस्त हातात दिली, यासाठी माझ्याकडून पूर्ण तारे.

थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचं तयार मिळालं नाही, ते कारागिराने कापून दिलं. फायबर शीट (अ‍ॅस्बेस्टॉस नसलेली मी मुद्दाम मागितली) हाउसिंगवर धरून गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने टकटक, टकटक. धातूची धारच शीट कापत जाते, पेन्सिल नाही की कात्री नाही. भोकांवर हातोडीचं गोल टोक टेकवून दोन टिचक्या. पाच मिनिटांत बोल्टची भोकं जिथल्या तिथे. पन्नास रुपये.

चेंबरला तर सिलिकॉनची ट्यूबच लागते, तिथे तिच्यावर माझा राग नाही. तीन मिलिमीटरची सलग रेघ, बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूने वळसा, आणि रात्रभर ऑइल न भरता ठेवायचं. एवढा धीर धरवत नसेल तर ट्यूब घेऊच नका. आणि पेट्रोल लागतं तिथे तर ती चुकूनही नको, फुगून बाहेर येते.

तक्रारी आहेतच. पाकीट फोडलं की परत घेत नाहीत. बिल मागितल्यावरच मिळतं आणि तेही कपाळाला आठी घालून. पार्किंगचं नावच काढू नका, मी क्वार्टर गेटच्या पुढे रिक्षा सोडून चालत गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून ‘हे आहे का’ विचारलंत तर उत्तर येणार नाही, मी दोनदा पाठवून पाहिलं.

चार महिने झाले. कव्हर कोरडं आहे, सिग्नलला थांबल्यावर येणारा जळक्या ऑइलचा वास गेला, पाणी जिथल्या तिथे. मिस्त्री म्हणाला होता की हजार किलोमीटरनंतर टॅपेट कव्हरचे बोल्ट एकदा बघून घेऊ. बघितले, पाव आटासुद्धा फिरले नाहीत.

जायचं तर अकराच्या सुमारास जा. एकनंतर कापणारा कारागीर जेवायला जातो, आणि मग त्या एकाच स्टुलावर बसून टांगलेली पॅकिंग्ज मोजत राहावं लागतं.