थंडीतले खुराडे: बल्बची ऊब की तुसाची गादी?

भात झोडून झाले आणि पहाटे खळ्यात दंव दिसू लागले की परड्यात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्यांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधून आत बल्ब लावावा, की खाली तुसाची जाड गादी घालून वरच्या अंगाने हवा खेळती ठेवावी? मी दोन हिवाळे पहिल्या पद्धतीने काढले आणि पुढचे तीन दुसऱ्या पद्धतीने. कोंबड्या त्याच जातकुळीच्या होत्या, म्हणजे काही गावठी, काही गिरिराज आणि दोन-तीन वनराज, आणि त्यांची संख्या बारा ते सोळाच्या दरम्यान राहिली. माझ्याजवळ मोजमापांची वही नाही. जे लिहितो आहे ते रोज पहाटे खुराड्याचे दार उघडताना पाहिलेले आहे, आणि दुसऱ्या कोणाचा अनुभव निराळा असू शकतो हे मला मान्य आहे.

कोकणात कसली थंडी, असे घाटावरचे पाहुणे म्हणतात. किनाऱ्यालगत हर्णै-मुरूडला ते बरेचसे खरे आहे, कारण समुद्र रात्रीचा पारा फारसा उतरू देत नाही. पण आमच्या दापोलीच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो, आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे पूर्वेकडच्या प्रत्येक फटीतून आत शिरतात. आंबा बागायतदाराला ही थंडी मोहोरासाठी हवी असते. कोंबडीवाल्याला मात्र थंडीपेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या ओलीची काळजी असते, आणि या दोन पद्धतींतला खरा फरक ओलीतच आहे हे समजायला मला दोन हिवाळे लागले.

पहिल्या पद्धतीच्या बाजूने जे बोलले जाते ते मी उगाच कमी लेखणार नाही. शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावलेल्या खुराड्यात शिरताच हाताला ऊब जाणवते, कोंबड्या शांत बसलेल्या दिसतात आणि आपण मुक्या जिवांसाठी काहीतरी केले याचे समाधान मिळते. ताडपत्री व बल्ब एका संध्याकाळी बसवून होतात. खर्च म्हणाल तर दोन बल्ब रोज बारा तास जळले तर डिसेंबर आणि जानेवारी मिळून दीडशे युनिटच्या आसपास वीज जाते, आणि ज्याला अंड्यांचे चार पैसे मिळतात त्याला तेवढी झेपते. अडचण अलीकडे एवढीच झाली आहे की तारेचा पिवळा बल्ब दुकानात मिळेनासा होत चालला आहे, आणि त्याच्या जागी जो एलईडी मिळतो त्याचा उजेड भरपूर असला तरी त्याची ऊब नावालाच असते. मग लाल इन्फ्रारेड दिवा आणावा लागतो, तो अडीचशे वॅटचा असला तर वीज त्या मानाने जास्त जाते, आणि पेंढ्याजवळ टांगलेला तो तापता दिवा रात्रभर आपल्याला स्वस्थ झोपू देत नाही.

पण माझा निर्णय विजेच्या बिलाने किंवा आगीच्या भीतीने झाला नाही. तो पत्र्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याने झाला.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास पडवीत झोपलेल्या मला टप टप असा आवाज ऐकू येई आणि मला वाटे की नारळीच्या झावळ्यांवरून दंव पडते आहे. एका पहाटे बॅटरी घेऊन खुराड्यात गेलो. बाहेर आकाश निरभ्र होते, पाऊस नव्हता, आणि आत पत्र्याच्या खालच्या बाजूला थेंबांची दाट रांग लागली होती. पत्र्याच्या पन्हळीतून एक थेंब सरकत स्क्रूपाशी येई, तिथे क्षणभर लोंबे आणि खाली दांडीवर बसलेल्या एका तांबड्या कोंबडीच्या पाठीवर पडे, आणि दर वेळी त्याच जागी. तिच्या पाठीवरची पिसे भिजून भांग पाडल्यासारखी दोन बाजूंना झाली होती आणि मधली गुलाबी कातडी दिसत होती. तुरा काळसर पडला होता. शेजारच्या दोघी तिच्यापासून सरकून बसल्या होत्या. मी तिला उचलून पोटाशी धरले तेव्हा तिच्या अंगाचा थरकाप माझ्या सदऱ्यातून जाणवत होता.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. कोंबडीच्या विष्ठेत साधारण तीन चतुर्थांश पाणीच असते, आणि त्याखेरीज तिच्या श्वासातूनही रात्रभर वाफ बाहेर पडत राहते. ताडपत्रीने कोंडलेल्या जागेत बल्बमुळे हवा गरम होते, गरम हवा ती सगळी ओल पोटात घेते, आणि वरचा पत्रा निरभ्र आकाशाखाली थंडगार पडलेला असल्याने तिथे पोहोचताच त्या वाफेचे पाणी होते. म्हणजे मी जितकी ऊब वाढवत होतो तितके पाणी त्यांच्याच पाठीवर पाडत होतो. पत्र्यावर बाहेरून नारळाचे झाप अंथरून पाहिले, तेव्हा थेंब कमी झाले, पण ताडपत्री घट्ट असेपर्यंत पूर्ण थांबले नाहीत. त्यातच एका रात्री तीनच्या सुमारास वीज गेली. बल्बच्या उबेला सरावलेल्या, पाठीवर भिजलेल्या कोंबड्यांना ऐन गारठ्याच्या वेळी ऊबही राहिली नाही आणि कोरडी पिसेही राहिली नाहीत. त्या आठवड्यात तिघींना शिंका लागल्या आणि एकीच्या डोळ्यांत फेस दिसू लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या घरात असते आणि पूर्ण पिसे आलेली, पोट भरलेली, कोरडी कोंबडी दहा अंशांचा गारवा बाहेरच्या उबेशिवाय सहज काढते, कारण फुगवलेल्या पिसांत अडकलेली हवाच तिची गोधडी असते. पिसे भिजली की ती हवा जाते. बर्फ पडणाऱ्या देशांतले लोक तुऱ्याला व्हॅसलीन लावतात आणि पाणी गोठू नये म्हणून भांड्याखाली हीटर ठेवतात, ते त्यांच्या हवेसाठी योग्यच आहे. आपल्याकडे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा तुऱ्याला हिमदंश होण्याची भीती बाळगून खुराडे बंद करण्याचे कारण मला दिसत नाही.

आता तुसाच्या गादीविषयी. तिलाही त्रास आहेत आणि ते लपवणे बरे नाही. नोव्हेंबरात भातगिरणीवर तुसाचे ढीग लागलेले असतात तेव्हाच पोती भरून मांगरात कोरड्या जागी ठेवावी लागतात. जानेवारीत शोधायला निघालात तर एकतर मिळत नाही, किंवा मिळते ते दंवाने भिजलेले असते. मातीच्या जमिनीवर गादी घातली तर वाळवी चढते, म्हणून खाली कोबा किंवा निदान चिऱ्याची फरसबंदी असलेली बरी. सुरुवातीला चार बोटे जाडीचा थर पुरतो, आणि पुढे दर आठ-दहा दिवसांनी वर नवे तूस किंवा वाळलेला पातेरा टाकत गेले की हिवाळा सरेपर्यंत गादी वीतभर होते. आठवड्यातून एकदा ती पंज्याने खालवर करावी लागते, आणि हे काम कंटाळवाणे आहे. मी संध्याकाळी मूठभर भात आणि मक्याचे दाणे गादीत विखरून टाकतो. कोंबड्या उकरून उकरून अर्धे काम स्वतःच करतात, आणि झोपण्यापूर्वी पोटात गेलेला दाणा रात्री त्यांना आतून ऊब देतो.

गादी नीट आहे की नाही हे मुठीत धरून कळते. मूठ आवळून सोडल्यावर तूस मोकळे होऊन खाली पडले तर सगळे ठीक आहे. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली, मग वर कोरडा थर टाकून पाण्याचे भांडे कुठे सांडते आहे ते पाहावे, कारण दहांतल्या नऊ वेळा दोष त्या भांड्याचाच असतो. विष्ठा तुसात मिसळून सावकाश कुजते, त्यातून थोडी ऊबही निघते, पण माझ्या मते गादीची खरी कामगिरी ओल शोषून घेण्याची आहे. दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा तो उग्र दर्प, जो ताडपत्रीच्या दिवसांत माझ्या रोजच्या ओळखीचा झाला होता, तो या तीन हिवाळ्यांत क्वचितच आला. त्या दर्पाने कोंबडीच्या श्वासनलिकेचा आतला थर दुखावतो आणि सर्दीपासून मोठ्या दुखण्यांपर्यंत सगळ्यांना वाट मिळते. राणीखेत म्हणजे मानमोडीची लस या दोन्ही पद्धतींत वेळेवर द्यावीच लागते, त्याबाबत इथे निवड नाही.

गादीइतकाच वाऱ्याचा मार्ग महत्त्वाचा आहे. मतलई वारा पूर्वेकडून येत असल्याने मी खुराड्याची पूर्व बाजू दांडीच्या वरपर्यंत चिऱ्याने पूर्ण बंद केली आणि पश्चिमेला अगदी छपराच्या वळचणीखाली, कोंबड्यांच्या डोक्याच्या बरेच वर, वीतभर उंचीची जाळी लांबीभर सोडली. दार दक्षिणेला आहे, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेले ऊन सकाळीच गादीवर पडते. कोंबड्यांच्या अंगाला झोत लागत नाही आणि वाफ वरच्यावर निघून जाते. दांडीही बदलली. गोल बांबूवर बोटे आवळून बसलेल्या कोंबडीचे पंजे उघडे राहतात, म्हणून तीन बोटे रुंदीची सपाट रीप लावली, तिच्यावर कोंबडी पोट टेकून बसते आणि पंजे पिसांखाली झाकले जातात. पत्र्याखाली हात फिरवला तर पहाटे अजूनही थोडा दमटपणा लागतो, पण थेंब लोंबताना मी पाहिलेला नाही. ज्यांचे खुराडे कौलारू मांगरात आहे त्यांना हा ठिबकण्याचा त्रास बहुधा माहीतच नसेल, कारण कौलांच्या फटींतून वाफ आपोआप जाते. त्यांना बल्बचा अनुभव माझ्याइतका वाईट आला नसेल, हेही मी मान्य करतो.

अंड्यांच्या बाबतीत बल्बवाले एक मुद्दा मांडतात आणि तो खरा आहे. अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाचा चौदा-सोळा तास उजेड लागतो, आणि डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. ताडपत्री-बल्बच्या पहिल्या हिवाळ्यात मला अंडी खरोखरच जास्त मिळाली. पण हे काम उजेडाचे होते, उबेचे नव्हते. आता मी नऊ वॅटचा एलईडी टायमरवर लावून पहाटे साडेतीनच्या सुमारास सुरू करतो आणि उजाडल्यावर तो बंद होतो. उजेड संध्याकाळी वाढवण्यापेक्षा पहाटे वाढवलेला बरा, कारण रात्री दिवा एकदम मालवला तर ज्या कोंबड्या दांडीवर चढलेल्या नसतात त्या अंधारात खालीच अडकतात. गावठी कोंबड्यांना मात्र मी हा उजेडही फारसा देत नाही. पिसे झाडून नवी आणण्याचे आणि अंगावर थोडे मांस धरण्याचे त्यांचे हे दिवस असतात, त्यात अंड्यांसाठी मागे लागणे मला पटत नाही.

एका ठिकाणी मात्र मी बल्बचाच आग्रह धरीन, आणि ते म्हणजे विकत आणलेली किंवा यंत्रात उबवलेली पिल्ले. त्यांना आईचे पंख नसतात आणि अंगावर नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्यांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन-एक अंशांनी कमी करत पाच-सहा आठवड्यांनी पिसे आली की बल्ब काढता येतो. थर्मामीटर नसला तरी पिल्ले स्वतः सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर गारठली आहेत, कडेला जाऊन चोची उघडून बसली असतील तर उकडते आहे, आणि सगळीकडे सारखी पसरून टिपत असतील तर ऊब बरोबर आहे. खुडुक कोंबडी घरात असेल तर डालग्याखाली तिच्या पंखांत पिल्ले सोपवावीत. तिच्याइतके हे काम कोणी करीत नाही, आणि मग वीज गेली तरी रात्री उठावे लागत नाही.

तेव्हा मोठ्या कोंबड्या असतील, पत्र्याचे खुराडे असेल आणि आठवड्यातून अर्धा तास गादी उकरायची तयारी असेल, तर माझा कल तुसाकडेच आहे. ज्यांना तूस मिळणे अवघड आहे किंवा ज्यांची जागा इतकी उघडी आहे की ताडपत्री बांधल्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी ती जरूर बांधावी, पण पश्चिमेच्या बाजूला पत्र्याखाली वीतभर पट्टी मोकळी सोडावी आणि बल्ब शक्यतो दांडीच्या बरोबर वर टांगू नये. आणि पहिल्याच थंडीच्या रात्री, पहाटे पाचला उठून एकदा पत्र्याखालून हात फिरवावा. तळवा ओला होऊन परत आला, तर सकाळी ऊन येण्याची वाट न पाहता ताडपत्रीची वरची दोरी सैल करावी.